गॅसमागची भिंत

भिंगार,
सोमवार, १४ जुलै २०२५

चि. सुकन्या हिस आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या बाबांचा गुडघा आहे तसाच आहे, पण भाजी आणायला बाजारात गेले की उभ्या उभ्या हव्या तेवढ्या गप्पा मारता येतात, तेव्हा दुखत नाही. पाऊस नावाला. ढग येतात आणि बघून जातात. तुझी तब्येत कशी आहे, पायांवर सूज येते का, लोहाच्या गोळ्या वेळेवर घेतेस का, ते कळव.

पत्र बघून दचकली असशील. पाकिटावर कंपनीचा पत्ता मुद्दाम टाकला आहे. घरी फोन केला की तू तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतेस आणि भाकरी थापत बसतेस. मी 'जेवलीस का' म्हटलं की पलीकडून लंकाबाईच सांगतात, 'व्हय, जेवलीया, दीड भाकर खाल्ली.' मला माझ्या मुलीशी बोलायचं असतं, तिच्या सासूकडून हजेरी घ्यायची नसते. राग मानू नकोस. पण लेकीशी चार शब्द एकटीनं बोलायचे तर आईला पोस्टाची पेटी गाठावी लागते, अशी वेळ आली आहे.

आता मुद्द्याचं. तसं मुद्द्याचं काही नाही. तू स्टेटसला ठेवलेला तो व्हिडिओ पाहिला. सुप्याच्या फ्लॅटमध्ये ओट्यामागच्या भिंतीला त्या चिकटवायच्या टाइल्स लावल्यास, तो. छान दिसतात. पांढऱ्यावर निळी फुलं. मागचा कागद सोलत वरून खाली येत होतीस, शीटचं दुसरं टोक लंकाबाईंनी धरलं होतं. एक शीट वाकडी चिकटली आणि तुम्ही दोघी इतक्या हसलात की जावईबापूंच्या हातातला मोबाईल हलला. मी एकदाच पाहिला. तुझे बाबा म्हणतात, जेवण होईस्तोवर तोच आवाज येत होता, पण त्यांचं काय ऐकायचं.

एक विचारू? पोटात बाळ असताना स्टुलावर चढायची काय गरज होती? लंकाबाईंना चढता येत नव्हतं का? उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायच्या, हे त्यांनी लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना सांगितलं होतं. खर्ड्याहून येऊन तुमच्याकडे राहिल्याला अजून वर्ष व्हायचं आहे, आणि व्हिडिओवर तू लिहिलं होतंस, 'आईंचं नवीन किचन'. बरं. फ्लॅटचे हप्ते तू आणि वाल्मिकराव भरता, पण किचन त्यांचं असेल तर असो. मला तू 'अगं' म्हणतेस आणि त्यांना 'अहो', तेवढ्यावर मी समाधान मानते.

आपल्या गॅसमागच्या भिंतीबद्दल तू कॉलेजात असल्यापासून बोलायचीस. मैत्रिणी आल्या की त्यांना पुढच्या खोलीतच बसवायचीस. बाबा दर दसऱ्याला तिच्यावर चुन्याचा हात मारतात आणि दिवाळीचा फराळ होईपर्यंत ती पुन्हा काळी. मी म्हणायचे, स्वयंपाकघर आहे, दिवाणखाना नाही. तेव्हा तू कधी असला रोल आणून लावला नाहीस. आठवलं म्हणून लिहिलं, टोमणा नाही.

तर मीही त्या टाइल्स मागवल्या आहेत. शेजारच्या मरियाबाईंनी त्यांच्या मोबाईलवरून मागवून दिल्या. शाळेतून रिटायर झाल्यापासून त्या सारख्या काही ना काही मागवत असतात. त्या म्हणाल्या, 'सत्यशीलाबाई, पिवळ्यात फार सुंदर आहेत, बघा तरी.' मी म्हटलं, नाही, निळी फुलंच.

आणि हो, बाळंतपणाचं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मी तुला सांगायला नको. सातवा लागला की ओटी भरून घेऊन येऊ. रजेचा अर्ज कधी टाकतेस? मागे विचारलं तर 'बघू' म्हणालीस. यात बघायचं काय आहे? मी मागची खोली रिकामी करायला घेतली आहे. डिंक आणून ठेवला आहे. खाटेच्या पट्ट्या बदलून घेतल्या. सुपा काही परदेश नाही, एसटीनं तासाभराची वाट, पण दिवस भरत आल्यावर तीही नको. तेव्हा लवकर कळव.

जावईबापूंना आशीर्वाद. लंकाबाईंना नमस्कार सांग.

आई


भिंगार,
रविवार, २७ जुलै २०२५

चि. सुकन्या हिस आशीर्वाद.

तू पत्राचं उत्तर पत्रानं दिलं नाहीस, फोन केलास, तोही जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमधून. 'आई, आता पत्रं कोण लिहितं गं?' म्हणालीस. मी लिहिते. कॅन्टीनच्या भांड्यांच्या आवाजात मला अर्धं ऐकू आलं नाही. रजेचं विचारलं तेव्हा नेमकी तुझी सुट्टी संपली.

टाइल्स लावून झाल्या. तुला फोटो पाठवला तो मिळाला असेल. बाबांनी दारातून काढला आहे, म्हणून फुलं नीट दिसत नाहीत. पुन्हा जवळून काढून पाठव म्हणून मागे लागू नकोस, त्यांच्या मोबाईलची काच धुरकट झाली आहे.

काम काही सोपं नाही हो. व्हिडिओत तू चुटकीसरशी केल्यासारखं दिसलं. आधी मी सोड्याच्या गरम पाण्यानं भिंत घासली. तेलाचा चिकटा किती वर्षांचा होता कुणास ठाऊक, फडकी काळी होत गेली. मग सुकू दिली. बाबांना स्टुलावर चढवलं, मी खाली. मागचा कागद थोडा सोलायचा, वरची कड लावायची आणि हळूहळू खाली यायचं, हे त्यांना सांगितलं, तर त्यांनी अख्खा कागद एकदम ओढून काढला. शीट त्यांच्या बनियनला चिकटली. ते हसायला लागले. मला काही हसू आलं नाही. तुमच्याकडे वाकडी लागली तेव्हा तुम्ही हसलात, पण तुम्हाला कुणाशी बरोबरी करायची नव्हती.

दुसऱ्या शीटपासून हात बसला. बुडबुडे तुझ्या शाळेतल्या स्टीलच्या पट्टीनं काढले. बटणांच्या बोर्डाभोवती मी कात्रीनं कापलं, थोडं जास्त कापलं गेलं, तिथं मिठाची बरणी ठेवली आहे. फूल फुलाला जुळवलं. एका ठिकाणी देठ आला आहे आणि फूल पलीकडे गेलं आहे, पण ते सांगितल्याशिवाय कुणाला दिसणार नाही.

अडचण आली ती जिवतीची. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. दिव्यांच्या अवसेला जिवतीचा नवा कागद आणायचा आणि गॅसच्या उजवीकडे खळीनं चिकटवायचा, पण जुना काढायचा नाही, त्याच्यावरच लावायचा. तू झालीस त्या श्रावणातला कागद सगळ्यात खाली आहे. वर्षं साठत साठत त्याचा चांगला पुठ्ठा झाला होता. मरियाबाई म्हणाल्या, 'ते खरवडून काढा, नाहीतर टाइल बसणार नाही.' मी उलथनं हातात घेतलं आणि ठेवून दिलं. मांडीवर पोरं घेऊन बसलेली ती, तिच्या तोंडावर उलथनं कसं चालवायचं? आणि तेही तू अशा अवस्थेत असताना. मग मी तिच्यावरूनच शीट लावली. तेवढी जागा जराशी फुगीर झाली, पण बघून कळत नाही, हात फिरवला तरच कळतं. अवसेला नवा कागद त्या शीटवर चिकटवला.

मरियाबाई म्हणाल्या, अगदी हॉटेलसारखं दिसतं. समोरच्या झुंबरबाई खास बघायला आल्या होत्या. बघून गप्प बसल्या, म्हणजे आवडलं.

तुमच्या शीट आहेत ना गं अजून जागच्या जागी? म्हणजे सहज विचारते, फोडणीची वाफ लागते म्हणून. आणि तुमच्या भिंतीला आतून ऑइलपेंट आहे की नुसता चुना? बिल्डर लोक हल्ली काय लावतात ते जावईबापूंना विचारून ठेव.

शुक्रवारी जिवतीची पूजा केली. पुरण घातलं. बाकी विशेष काही नाही.

आता खरं ते. परवा रात्रीच्या जेवणाआधी मी फोन केला, तू स्पीकरवरच होतीस. मी दवाखान्यात नाव घालायचं म्हणत होते, तर मागून लंकाबाई म्हणाल्या, 'हितंच हुईल की समदं. दवाखाना जवळ हाय, मी हाय.' मी वाट पाहिली. मला वाटलं तू म्हणशील, नाही हो आई, मी माहेरी जाणार आहे.  कुकरची शिट्टी झाली आणि तू म्हणालीस, 'बरं आई, ठेवू?'

मी ठेवला. पण सुकन्या, त्या बाईंचं स्वयंपाकघर झालं, मुलगा तर त्यांचाच आहे, माझी मुलगी पण त्यांच्या ताटातली भाकरी मोजून खाते. आता बाळ तेवढं राहिलं होतं. तेही तिथंच झालं की मी येऊन पाहुणीसारखी टोपडं देऊन परत जायचं का? मला उत्तर हवं आहे आणि ते कुकरच्या शिट्टीआधी हवं आहे.

स्वयंपाकघर आता तुझ्या मनासारखं झालं आहे, हे लक्षात ठेव.

आई


भिंगार,
रविवार, १० ऑगस्ट २०२५

प्रिय सुकन्या,

आम्ही बरे आहोत. बाकी क्षेमकुशल नंतर, आधी एक खोटं निस्तरते.

भिंत तुझ्या मनासारखी झालेली नाही. मागचं पत्र लिहिलं तेव्हाच सगळ्या टाइल्स मागच्या दाराआड गुंडाळून पडल्या होत्या. तुला पाठवलेला फोटो आधीचा. पहिल्या शुक्रवारी मी पुरणासाठी डाळ शिजत ठेवली. झाकण टाकलं नव्हतं, वाफ थेट भिंतीवर. आधी जिवतीपाशी फुगा आला. मी हातानं दाबला, तर तो वर सरकला. मग वरची कड सुटली आणि पहिली शीट खाली यायला लागली, तिनं दुसरीला ओढलं. चिकटवलेलं सगळं भिंतीला नव्हे, बाबांच्या चुन्याला चिकटलं होतं. इतक्या दसऱ्यांचा चुना खपल्यांसकट निघाला आणि जिवतीच्या पुठ्ठ्याच्या वजनानं सगळा पडदा ओट्यावर आडवा झाला. अर्धा डाळीत. तुझ्या जन्माच्या साली लावलेला कागद सगळ्यात मागे होता, तो उलटा होऊन वर आला. पाठीवर चित्र कुठलं, नुसता चुना.

खोक्यातल्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं म्हणे, चुन्याच्या भिंतीवर लावू नका. मरियाबाईंनी वाचलं, पण नंतर. मला त्यांचाही राग आला आणि तुझाही. सगळ्यात जास्त लंकाबाईंचा आला, कारण त्यांच्या शीट जागेवर होत्या.

मग मी भिंतीवर जुनी चादर टांगली, वर दोन खिळे मारून. जिवतीचा नवा कागद पुसून फडताळाच्या दाराला लावला. बाबा म्हणाले, सुकन्याला सांगून टाक. मी म्हटलं, त्या घरात स्पीकरवर हे वाजायला नको.

आता परवाच्या शुक्रवारचं. सवाष्ण म्हणून झुंबरबाईंना जेवायला सांगितलं होतं. सकाळी त्यांचा निरोप आला, ताप आहे. पुरण झालं होतं, दूध-फुटाणे काढले होते, आणि सवाष्णीचा पत्ता नाही. मरियाबाईंना बोलावू का, असं बाबा विचारत होते, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. लंकाबाई. हातात पिशवी, पिशवीत हुलगे आणि तुरीची डाळ. 'इहीनबाई, हाय का घरात?' असं म्हणत सरळ आत आल्या. तू म्हणालीस की त्या तुला न सांगता आल्या. मला ते आता पटतं, त्या वेळी पटलं नव्हतं.

तूच सांग, मी काय करायचं? तुझे सासरे खर्ड्याला असले, तरी शुक्रवारी दारात आलेली सवाष्ण ती सवाष्ण. ज्या बाईचा मी महिनाभर मनातल्या मनात उद्धार करत होते, तिच्या पायावर पाणी घातलं, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, जिवतीसमोर पाट मांडला. जिवती स्वयंपाकघरात, म्हणजे पाटही तिथंच. चादरीकडे एकदा बघून त्या पाटावर बसल्या.

जेवणाआधी मी पुरणाचे दिवे लावून ओवाळलं आणि तुझ्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकल्या. त्यांच्याकडे जिवती पूजत नाहीत. म्हणाल्या, 'सुपं तर त्या अंगाला हाय. चारीकडं कशापायी?'

'मूल कुठंही असलं तरी पोचाव्यात म्हणून,' मी म्हटलं.

'मग द्या की चिमूटभर. वाल्मिकला बी टाकते.' आणि त्यांनी अशा जोरात टाकल्या की मांडणीवरची भांडी वाजली.

जेवताना मी ठरवून बाळंतपणाचा विषय टाळला. दुसरी पोळी वाढताना राहवलं नाही. म्हटलं, 'सुकन्याला केव्हा आणायला येऊ?'

त्यांनी घास खाली ठेवला. 'त्याच्यासाठीच आले. तुमच्यापसून काय लपवू, मीच म्हनले तिला, हितंच ऱ्हा.'

मी वाढायची थांबले.

'वाल्मिकला म्या वाढवलाच न्हाई,' त्या म्हणाल्या. 'अंगावर पीत हुता तवाच आईपाशी ठिवून ऊस तोडाया कारखान्याला गेल्ते. पाचटाच्या कोपीत थंडी लई, लेकरू टिकंना म्हनून. परत आले तवा बसाया लागला हुता. मला बघून रडाया लागला, वळखलंच न्हाई. त्याला अंगूळ बी माझ्या आईनंच घातली, पायावर पालथं घालून. मला ते जमलंच न्हाई कंदी. ह्या बाळाला घालावी वाटती. म्हनून म्हनले तिला.'

'रीत माहेरची आहे,' मी म्हटलं.

'रीत तुमचीच हाय, मी कुटं न्हाई म्हनते. म्हनून तर सांगाया आले. चोरून ठिवून घेतली आसं नगं व्हायला.' मग म्हणाल्या, 'पोरीचं लई अवघड झालंय. तुमाला बी न्हाई म्हनंना, मला बी न्हाई म्हनंना.'

इथं माझे डोळे भरून आले, असं लिहायला हवं. ते आले नाहीत. मला एवढंच वाटलं, त्यांचं राहून गेलं त्याला मी काय करू? त्यांच्या मुलाची भरपाई माझ्या मुलीच्या बाळातून का व्हावी? मी तुला पायावर घेऊन अंघोळ घातली, हे खरं. म्हणून तुझ्या बाळावरचा माझा हक्क संपला का? हे सगळं मनात चाललं होतं आणि तोंडानं मी म्हणत होते, आणखी पुरण घ्या ना, लाजू नका.

जेवण झालं. त्यांनी मोरीत हात धुतले आणि पुसायला म्हणून टांगलेली चादर ओढली. दोन्ही खिळे चुन्यासकट निघाले. चादर त्यांच्या खांद्यावर आणि समोर भिंत. मध्ये काळी, कडेला पांढरी, जिवतीच्या जागी मातीची वीट उघडी पडलेली, आणि एका कोपऱ्यात हातभर निळ्या फुलांची पट्टी, जी पडायची राहिली होती.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्या पट्टीकडेच बघत राहिले. त्यांच्या घरातली तीच फुलं. म्हणजे मी काय केलं होतं ते त्यांना एका नजरेत कळलं असणार. ओट्याखाली शिरता आलं असतं तर बरं, असं वाटलं.

आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तू होतीस. त्यांना काय तो हिरवा गोल दाबून स्पीकर लावायचा, एवढंच येतं. तू विचारलंस, 'आई, कुठे आहात? शेजारच्यांना फोन केला, दार बंद आहे म्हणतात.' त्या म्हणाल्या, भिंगारला, इहीनबाईंकडं. तू घाबरलीस, मला आवाजावरून कळलं. मग म्हणालीस, 'बरं, मग टाइल्स बघितल्यात का? आईनं लावल्यात त्या? फोटोत काही दिसत नव्हतं.'

त्या भिंतीसमोर उभ्या होत्या. खांद्यावर चादर. म्हणाल्या, 'बगतीया की. लई झाक दिसतंय. आपल्यापरीस झाक. फुलाला फूल जुळलंय, आपलं कुटं जुळलं हुतं.'

तू हसलीस. 'आई ना, ती सगळं नीटच करते,' असं म्हणालीस.

फोन ठेवल्यावर त्या मला म्हणाल्या, 'पोर जड हाय. उगं जिवाला लावून घील.' मग त्यांनी विचारलं, कशानं पडलं. मी जिवतीचं सांगितलं. त्यावर मात्र त्या हसल्या. 'देवीला झाकलं व्हय तुमी? मग ती कशाची ऱ्हाती हुबी.' मलाही हसू आलं, पण ते मी भांडी उचलताना पाठ फिरवून हसले. दुपारी बाबा त्यांना स्कूटरवरून स्टँडवर सोडून आले.

सुकन्या, मला त्या बाईंचा हेवा वाटतो. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, खर्ड्याची अडाणी सासू, माझी मुलगी चार दिवसांत कंटाळेल आणि माझ्याकडे धावत येईल. तू कंटाळलीच नाहीस. तू त्यांच्याबरोबर हसतेस, तसं माझ्याबरोबर हसल्याचं मला आठवायला वेळ लागतो. आणि परवा त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या, किती सहज. त्या जागी मी असते तर बोलले असते का, हे मी दोन दिवस स्वतःला विचारते आहे. मी नसते बोलले. मी फोनवर सगळं सांगितलं असतं, वर काळजीनं सांगते असं दाखवलं असतं. बाई वाईट असती तर मला किती सोपं गेलं असतं. आता हेवा आहे तसाच आहे आणि त्यांना नावंही ठेवता येत नाहीत.

त्यांच्या खोट्यावर मला तुझ्यापुढे नीटनेटकं राहायचं नाही, म्हणून हे पत्र. हे त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल. भिंत पडली इथपर्यंत वाच, हेव्याचं तेवढं गाळ.

आता बाळंतपण. मी दोन दिवस विचार केला, बाबांनाही विचारलं, ते म्हणाले तुम्ही तिघी ठरवा. तर तू ये, आणि लंकाबाईंना घेऊन ये. सासूनं सुनेच्या बाळंतपणाला विहिणीच्या घरी येऊन राहायचं, असं आपल्याकडे कुणी ऐकलेलं नाही. झुंबरबाई वर्षभर बोलतील. बोलू देत. मागच्या खोलीत दोन खाटा बसतात.

पहिली अंघोळ मी घालणार. यात बदल नाही, आधीच सांगते. दुसऱ्या दिवशी त्यांनी घालायची. पायावर कसं घ्यायचं, मानेखाली हात कसा धरायचा, ते मी दाखवीन. मग एक दिवस त्यांचा, एक माझा. त्यांच्या दिवशी मी पाणी तापवून देईन आणि पुढच्या खोलीत जाऊन बसेन. तिथं उभी राहिले तर मधे बोलल्याशिवाय मला राहवणार नाही, तुला माहीत आहे.

आणि तुला सुप्यालाच राहायचं असेल तर तसं सरळ सांग. मला वाईट वाटेल, ते मी लपवणार नाही. पण मग डिंकाचे लाडू आणि माझी वळकटी घेऊन मी तिकडे येईन आणि महिनाभर हलणार नाही. त्यांच्या ओट्यावर स्वयंपाक करीन. टाइल्सवर तेल उडालं तर पुसून घेईन.

जावईबापूंना हे सगळं सांगायची गरज नाही. गोळ्या घे. स्टुलावर चढू नकोस.

बाळाला दोन आज्या मिळणार आहेत. एवढी वाटणी मला जमेल, धुसफुसत का होईना. याच्या पुढची जमणार नाही आणि ती कुणी मागूही नये.

तुझी
आई